गाठ वाढते कशी? कॅन्सरच्या गणिताबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकमध्ये गणित शिकवते. गेली काही वर्षं कॉलेजांत, वाचनालयांत, एकदा तर दिंडोरीजवळच्या एका गावात मंदिराच्या सभामंडपात मी कॅन्सर आणि गणित या विषयावर बोलले आहे. प्रत्येक ठिकाणी भाषण संपलं की तेच तेच प्रश्न येतात, आणि खरी मजा त्या प्रश्नांतच असते. म्हणून ते इथे उत्तरांसकट लिहून ठेवते आहे. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. इथलं काही वाचून कुणी औषध बंद करू नका आणि सुरूही करू नका.

कॅन्सरचा आणि गणिताचा संबंध काय? आणि हे 'मॉडेल' म्हणजे नेमकं काय असतं?

पावसाळ्यात गंगापूर धरणातून गोदावरीत पाणी सोडलं की आपण सगळे एकच विचारतो, "दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं?" नदीपात्रातल्या त्या उंच मूर्तीच्या गुडघ्याला, कमरेला की छातीला. रामकुंडाजवळचा जुना दुकानदार धरणातून किती क्युसेक सोडले ते ऐकतो आणि सामान वर चढवायचं की नाही ते ठरवतो. त्याच्या डोक्यात एक मॉडेल आहे. इतकं पाणी सोडलं, इतक्या वेळाने इथे पोचलं, इतकं चढलं. नदीतला प्रत्येक दगड त्याला ठाऊक नाही आणि त्याची गरजही नाही.

गाठीचं मॉडेल याच जातीचं. किती पेशी आहेत, रोज किती विभागतात, किती मरतात, प्राणवायू कुठपर्यंत पोचतो, औषधाने किती गेल्या, असे चार-सहा आकडे घ्यायचे, त्यांचं एकमेकांशी नातं समीकरणात मांडायचं आणि पुढे काय होईल ते काढायचं. मग खऱ्या मोजमापाशी ताडून पाहायचं. जुळलं नाही तर मॉडेल चुकलं, गाठ नव्हे! हे वाक्य मी वर्गात दर वर्षी म्हणते, आणि दर वर्षी कुणीतरी आकडेच मॉडेलला जुळतील असे वाकवून आणतो.

एका पेशीपासून गाठ व्हायला किती काळ लागतो?

एकाच्या दोन, दोनाच्या चार. अशी ३० वेळा दुप्पट झाली की आकडा होतो १०७ कोटींच्या पुढे. साधारण एक सेंटिमीटरची, एक ग्रॅम वजनाची गाठ म्हणजे ढोबळमानाने तेवढ्याच, शंभर कोटींच्या आसपास पेशी. बोटाला लागते ती साधारण तेव्हा. आणि एक किलोची गाठ व्हायला, म्हणजे जीवावर बेतायला, पुढे फक्त १० दुपटी पुरतात.

आता समजा दुप्पट व्हायला १०० दिवस लागतात. ३० दुपटींना झाले ३,००० दिवस, आठ वर्षांहून जास्त. पुढच्या दहांना १,००० दिवस, तीन वर्षांच्याही आत. म्हणजे गाठ 'नवीन' म्हणून सापडते तेव्हा तिचं तीन चतुर्थांश आयुष्य उलटून गेलेलं असतं. "मागच्या महिन्यात तर काहीच नव्हतं" असं घरचे म्हणतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात. होतं, दिसत नव्हतं इतकंच.

१०० दिवस हा आकडा मी हिशेबाच्या सोयीसाठी घेतला आहे. प्रत्यक्षात काही रक्ताचे कॅन्सर काही दिवसांत दुप्पट होतात, तर प्रोस्टेटच्या काही गाठींना वर्षं लागतात. शिवाय विभागलेल्या सगळ्याच पेशी जगत नाहीत, बऱ्याच वाटेत मरतात.

मग गाठ कायम अशी दुपटीनेच वाढत राहते का?

नाही. गोदावरीतल्या पाणवेली आठवा. सुरुवातीला आठ-पंधरा दिवसांत पसारा दुप्पट होतो. मग काठ लागतो, दाटी होते, मधल्या वेलींना जागा उरत नाही आणि वाढ मंदावते. गाठीचंही तसंच. लहान असताना ती आपल्या आकाराच्या मानाने भराभर वाढते, मोठी झाली की तो वेग पडत जातो.

या वळणाला जे समीकरण बऱ्याचदा चांगलं बसतं ते मुळात कॅन्सरचं नव्हतंच. बेंजामिन गॉम्पर्ट्झ या लंडनच्या गणितज्ञाने ते १८२५ साली माणसं कोणत्या वयात किती मरतात, यासाठी मांडलं. विम्याचे हप्ते ठरवायला! ॲना लेअर्ड या संशोधिकेने १९६४ मध्ये उंदीर, घुशी आणि सशांच्या गाठींची मोजमापं घेऊन दाखवलं, की गॉम्पर्ट्झची रेषा त्यांना बरोबर बसते. एलआयसीच्या एजंटाच्या वहीतलं गणित प्रयोगशाळेत पोचायला १३९ वर्षं लागली.

सोनोग्राफीत आधी ३.२ सेंटिमीटर होतं, आता ३.६ आहे. थोडंसंच वाढलं ना?

हा प्रश्न एका काकांनी पहिल्या रांगेतून विचारला होता. मांडीवर कॅरीबॅग, तीत रिपोर्टांची फाईल, आणि दोन्ही आकड्यांखाली लाल पेनाने रेघ मारलेली. मला लगेच उत्तर देववेना. मी फळ्याकडे वळले.

दिवाळीचा लाडू घ्या. दुप्पट रुंदीचा लाडू वळायचा तर बेसन दुप्पट लागत नाही, आठपट लागतं. गाठ तिन्ही बाजूंनी वाढते, रिपोर्ट मात्र एका बाजूची लांबी सांगतो. ३.२ चे ३.६ म्हणजे लांबी साडेबारा टक्के वाढली, पण गाठ सगळीकडून सारखी वाढली असेल तर तिचं आकारमान ४२ टक्के वाढलं.

उलट्या बाजूनेही हे लक्षात ठेवा. औषध लागू पडलं असं म्हणायला गाठीची लांबी निदान ३० टक्क्यांनी कमी व्हावी, असा एक आंतरराष्ट्रीय निकष आहे. ऐकायला ३० टक्के किरकोळ वाटतात. आकारमानात पाहिलं तर जवळजवळ दोन तृतीयांश गाठ गेलेली असते. त्याच निकषात २० टक्के वाढ म्हणजे 'आजार पुढे सरकला', आणि ती आकारमानात ७३ टक्के भरते.

मात्र सोनोग्राफीत दोन वेगळ्या हातांनी मोजलं तरी दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडू शकतो. त्या काकांना मी शेवटी तेच सांगितलं, की मोजणी एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने करा, आणि अर्थ डॉक्टरांना विचारा.

वय झाल्यावरच कॅन्सर जास्त का होतो?

१९५४ साली पीटर आर्मिटेज आणि रिचर्ड डॉल यांनी इंग्लंड-वेल्समधले मृत्यूंचे आकडे वयाप्रमाणे मांडले. अनेक कॅन्सरमध्ये धोका वयाच्या सहाव्या घाताने वाढताना दिसला. वय दुप्पट झालं तर धोका दुप्पट नाही, ६४ पट.

सहावा घात कुठून आला? जुन्या वाड्याच्या दाराला दोन कुलुपं आहेत असं समजा, आणि कुलूप कधीतरी आपोआप, केवळ योगायोगाने उघडतं. याच वर्षी दार उघडायचं तर एक कुलूप आधीच उघडलेलं हवं आणि दुसरं यंदा उघडायला हवं. पहिलं उघडलेलं असण्याची शक्यता गेलेल्या वर्षांच्या प्रमाणात, म्हणजे वयाचा पहिला घात. तीन कुलुपं असतील तर दोन आधीच उघडलेली हवीत, म्हणून दुसरा घात. सहावा घात दिसला तर कुलुपं सात! पेशीच्या आत न डोकावता, नुसत्या मृत्यूच्या नोंदींवरून त्यांनी अंदाज केला, की पेशी बिघडायला सहा-सात टप्पे लागत असावेत. डीएनएची दुहेरी गुंडाळी जगाला कळून तेव्हा जेमतेम एक वर्ष झालं होतं.

आकडा पुढे बदलला. जनुकं वाचता यायला लागल्यावर काही कॅन्सरमध्ये कळीचे तीन बदलही पुरतात असं दिसलं. कारण एक कुलूप उघडलेली पेशी गप्प बसत नाही, तिचीच हजारो पिल्लं होतात आणि पुढचं कुलूप उघडायला हजारो हात लागतात. स्तनाच्या कॅन्सरचा आलेख तर पाळी थांबण्याच्या वयाभोवती वाकतो, नुसत्या घातात बसतच नाही. तरीही 'एकदम नाही, टप्प्याटप्प्याने' ही कल्पना आजही उभी आहे.

मग लहान मुलांना कसा होतो?

याचं उत्तर मला या सगळ्या विषयात सर्वात देखणं वाटतं. लहान मुलांच्या डोळ्याच्या पडद्याचा एक कॅन्सर आहे, रेटिनोब्लास्टोमा. १९७१ साली अमेरिकेत आल्फ्रेड नडसन या डॉक्टरांनी फक्त ४८ मुलांच्या नोंदी घेतल्या. दोन्ही डोळ्यांना झालेली मुलं एकीकडे, एकाच डोळ्याला झालेली दुसरीकडे. मग किती वयापर्यंत किती मुलांचं निदान व्हायचं राहिलं, याचा आलेख काढला. दोन्ही डोळेवाल्यांची रेषा सरळ उतरली, एका घावाला, म्हणजे जनुकातल्या एका बिघाडाला, शोभेल अशी. एका डोळ्यावाल्यांची वळली, दोन घावांसारखी. त्यांनी अर्थ असा लावला, की पहिल्या गटातली मुलं एक घाव जन्मतःच घेऊन येतात, दुसरा पुढे बसतो. दुसऱ्या गटातल्यांना दोन्ही घाव जन्मानंतर बसावे लागतात, म्हणून उशीर होतो आणि एकच डोळा सापडतो.

ते जनुक १९८६ मध्ये हाती लागलं. त्याच्या दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात हे खरं निघालं. ४८ मुलं, एक आलेख आणि पंधरा वर्षं आधी!

कॅन्सर म्हणजे नुसतं नशीब, असं गणिताने सिद्ध झालंय म्हणे?

२०१५ मधल्या एका शोधनिबंधाची ती बातमी होती, आणि ती बहुतेक ठिकाणी चुकीची छापली गेली. टोमासेटी आणि व्होगेलस्टाइन यांनी एवढंच दाखवलं, की आतड्यात कॅन्सर जास्त आणि हाडात कमी, असा जो अवयवा-अवयवांतला फरक आहे, त्यातला सुमारे दोन तृतीयांश भाग त्या अवयवातल्या मूळ पेशी (स्टेम सेल) आयुष्यभरात किती वेळा विभागतात यावरून समजतो. 'तीनपैकी दोन कॅन्सर नशिबाने होतात' असं त्यांचं म्हणणं नव्हतं. तंबाखू खाणाऱ्याने आणि मिश्री लावणाऱ्या आजीने त्या बातमीचा आधार घेऊ नये. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, आणि तो कुठे मिळतो हे मी सांगायची गरज नाही.

हत्तीला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पेशी. मग त्याला जास्त कॅन्सर का होत नाही?

सातवीतल्या मुलीचा प्रश्न होता हा. शास्त्रज्ञांनाही तोच पडला, त्याला पेटोचा विरोधाभास म्हणतात. बिघडलेल्या पेशीला आत्महत्या करायला लावणारं एक जनुक आपल्याकडे आई-बापांकडून एकेक असं दोन प्रतींत असतं. हत्तीकडे त्याच्या सुमारे ४० प्रती असतात.

गाठीच्या आत काय चालतं? सगळीकडे सारखीच वाढते का?

शेतातल्या ठिबकच्या नळीजवळचं रोप हिरवंगार, हातभर लांबचं कोमेजलेलं. गाठीतही तसंच. रक्तवाहिनीतून झिरपणारा प्राणवायू जेमतेम ०.१ ते ०.२ मिलिमीटरपर्यंत पोचतो. टॉमलिन्सन आणि ग्रे यांनी १९५५ मध्ये फुफ्फुसाच्या गाठींचे पातळ काप पाहिले, तेव्हा त्या अंतरापलीकडच्या पेशी मेलेल्या दिसल्या, आणि ते अंतर प्राणवायू झिरपण्याच्या गणिताशी जुळलं. त्यामुळे स्वतःच्या रक्तवाहिन्या नसलेली गाठ मोहरीच्या दाण्याएवढी होऊन अडकते. पुढे वाढायचं तर तिला शेजारच्या रक्तवाहिन्यांतून स्वतःकडे फाटे फोडून घ्यावे लागतात. ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये हे मांडलं तेव्हा फार थोड्यांना पटलं. आज हे फाटे तोडणारी औषधं वापरात आहेत.

मधल्या भुकेल्या पेशी अजून जिवंत असतात पण झोपल्यासारख्या, आणि तिथे रेडिएशनचा परिणामही कमी होतो, कारण त्यालाही प्राणवायू लागतो. गाठीला सरासरी एकच आकडा लावणारं मॉडेल इथे फसतं.

तीन केमो झाल्या, गाठ हाताला लागत नाही. उरलेल्या तीन कशाला घ्यायच्या?

हा प्रश्न माझ्या घरातला आहे. आत्याला ऑपरेशनच्या आधीच केमो द्यायची ठरली होती, सहा सायकल. तिसरीनंतर गाठ लागेनाशी झाली. केस गेलेले, तोंडात फोड आलेले, मऊ भातसुद्धा गिळवत नव्हता. आतोबा म्हणाले, "गेली ना गाठ? मग आता हाल कशाला करायचे?" त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. पण मला १९६४ सालचं एक काम माहीत होतं. औषधांच्या दुकानाच्या बिलामागे मी त्यांना हिशेब करून दाखवला.

अमेरिकेत हॉवर्ड स्किपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्ताचा कॅन्सर झालेल्या उंदरांवर पाहिलं, की औषधाचा एक डोस ठरावीक संख्येने पेशी मारत नाही, ठरावीक प्रमाणात मारतो. शंभरातल्या नव्व्याण्णव मारणारा डोस शंभर कोटींतल्याही नव्व्याण्णव टक्के मारतो आणि शंभरातल्याही नव्व्याण्णवच. आणि उंदराला मारायला एक पेशीही मागे राहिली तरी पुरते.

धरा सुरुवातीला १०० कोटी पेशी. दर डोसला एक टक्का उरतात, आणि पुढच्या डोसपर्यंत उरलेल्या दुप्पट होतात. पहिल्या डोसनंतर १ कोटी, वाढून २ कोटी. दुसऱ्यानंतर २ लाख, वाढून ४ लाख. तिसऱ्यानंतर ४,०००, वाढून ८,०००. गाठ कधीचीच दिसेनाशी झाली आहे, कारण लाखभर पेशी कुठल्याही स्कॅनला दिसत नाहीत. चौथ्यानंतर ८०, वाढून १६०. पाचव्यानंतर दीड-दोन, वाढून तीन. सहाव्यानंतर एकही पेशी उरण्याची शक्यता शंभरात तीनच्या आसपास. तिसरीला थांबलं तर ८,००० पेशी मोकळ्या सुटल्या, आणि त्यांना शंभर कोटी व्हायला १७ दुपटी लागतात.

आतोबांनी बिल उलटं धरून दोनदा वाचलं. मग विचारलं, "हे आकडे तिचेच आहेत का?" नाहीत. प्रत्येक डोसला ९९ टक्के मरतात हे मी धरलेलं होतं. प्रत्यक्ष गाठी इतक्या सरळ वागत नाहीत, त्यांच्यात औषधाला दाद न देणाऱ्या पेशी असतात. पण आकार दिसेनासा होणं आणि आजार संपणं यांत केवढं अंतर असतं, ते त्या बिलावर दिसलं. आत्याने सहाही सायकल घेतल्या. पुढे काय झालं ते मुद्दाम लिहीत नाही. ते चांगलं असो वा वाईट, एका माणसाच्या निकालाने हिशेब खरा किंवा खोटा ठरत नाही.

दोन केमोंमध्ये २१ दिवसच का?

मुख्य कारण गाठ नसून आपलं रक्त आहे. बऱ्याच औषधांनंतर पांढऱ्या पेशी एक-दोन आठवड्यांत तळाला जातात आणि तिसऱ्या आठवड्यात सावरतात. त्याआधी पुढचा डोस दिला तर साध्या तापानेही जीव जाऊ शकतो.

पण इथे गॉम्पर्ट्झ पुन्हा येतो. लहान गाठ जोरात वाढते म्हटल्यावर डोसनंतर मागे राहिलेल्या मूठभर पेशी सर्वात जोरात वाढणार. म्हणून लॅरी नॉर्टन आणि रिचर्ड सायमन यांनी १९७७ पासून मांडलं, की डोस मोठा करण्यापेक्षा मधली सुट्टी कमी करा. पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शनं आल्यावर ते करता आलं. स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे २,००० स्त्रियांवरच्या अमेरिकेतल्या चाचणीचा निकाल २००३ मध्ये आला. तीच औषधं, तेवढेच डोस, फक्त तीनऐवजी दोन आठवड्यांनी. चार वर्षांनी आजार न उलटलेल्या स्त्रिया ७५ टक्क्यांऐवजी ८२ टक्के. औषधाचा एक थेंब न वाढवता सात टक्क्यांचा फरक कॅलेंडरने पाडला. सगळ्याच कॅन्सरना आणि सगळ्याच औषधांना हे लागू होत नाही, म्हणून "आम्हाला दोन आठवड्यांनी द्या" असा हट्ट धरून बसू नका.

सुरुवातीला औषध छान लागू पडलं, मग अचानक बंद का पडतं?

निफाडच्या, पिंपळगावच्या बागाईतदाराला हे समजावून सांगावं लागत नाही. द्राक्षाच्या गोडी छाटणीनंतर डाऊनी या बुरशीजन्य रोगावर एकच औषध लागोपाठ मारत राहिलं, की दोन-चार हंगामांत ते पाण्यासारखं होतं. औषधाने रोगाला काही शिकवलेलं नसतं. दाद न देणारे थोडे बीजाणू आधीच तिथे होते. बाकीचे मेले, रान मोकळं झालं, यांचं फावलं.

आधीच होते, हे कशावरून? जीवाणूंबाबत लुरिया आणि डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये ते केवळ संख्याशास्त्राने दाखवलं. त्यांनी औषध नव्हे, जीवाणूंना मारणारे विषाणू वापरले होते. त्या माऱ्यामुळे बदल होत असेल तर प्रत्येक नळीत साधारण सारखेच वाचलेले सापडतील. बदल आधीच कधीतरी योगायोगाने झाला असेल तर काही नळ्यांत शून्य आणि एखादीत धो धो निघतील. धो धो निघाले.

गाठीचा हिशेब करू. दहा लाख विभाजनांत एकदा 'औषध अ' ला दाद न देणारी पेशी जन्मते असं धरा. शंभर कोटी पेशींच्या गाठीत अशा निदान हजारेक पेशी पहिली बाटली लावण्याआधीच बसलेल्या आहेत. दोन वेगळ्या तऱ्हेची औषधं एकदम दिली तर दोन्हींना दाद न देणारी पेशी दहा लाख गुणिले दहा लाखांत एक, म्हणजे त्या गाठीत ती नसण्याचीच शक्यता जास्त. दोन-तीन औषधं एकत्र देण्यामागे हे एक मोठं कारण आहे. आणि गाठ लहान असतानाच पकडण्यामागेही.

मग सगळ्या पेशी मारायच्याच नाहीत, असंही कुणी करतं का?

करून पाहिलं आहे. रॉबर्ट गेटनबी या अमेरिकन डॉक्टरांनी २००९ मध्ये कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाचं उदाहरण दिलं. आपल्याकडच्या कोबी-फ्लॉवरवाल्यांचाही तो जुना वैरी आहे. जेवढी जालीम फवारणी, तेवढा तो पतंग चिवट. त्यांचं म्हणणं असं, की दाद न देणाऱ्या पेशीला तो चिवटपणा फुकट मिळत नाही, त्यात तिची ताकद खर्ची पडते. औषध नसताना साध्या पेशी तिला दाबून ठेवतात. सगळ्या साध्या पेशी मारल्या तर तिच्यावरचा पहारा आपणच उठवला!

म्हणून पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरच्या ११ रुग्णांवर असा प्रयोग झाला, २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. रक्तातला पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या आजाराचा अंदाज देणारा आकडा, निम्म्यावर आला की गोळी बंद. पुन्हा मूळ आकड्यावर गेला की सुरू. नेहमीच्या निम्म्याहूनही कमी औषधात आजार जास्त काळ ताब्यात राहिला. पण अकराच माणसं, आणि तुलनेसाठी चिठ्ठ्या टाकून पाडलेला दुसरा गट नाही. मला ही कल्पना फार आवडते, आणि आवडते म्हणूनच मी तिच्याकडे जरा संशयाने बघते. शिवाय हे बरा न होणारा आजार लांबवण्याचं गणित आहे. जिथे पूर्ण बरं होण्याची आशा आहे तिथे हा विचार करू नये.

रेडिएशनला कुणाला २५ वेळा बोलावतात, कुणाला १५ वेळा. पैसे वाचवतात का?

नाही, हे समीकरणातूनच आलं आहे. रेडिएशन, ज्याला बरेच जण 'शेक' म्हणतात, डीएनए तोडतं. कधी एकाच घावात काम होतं, ते डोसच्या प्रमाणात. कधी दोन घाव जवळजवळ बसावे लागतात, ते डोसच्या वर्गाच्या प्रमाणात. या दोहोंचं आपसातलं प्रमाण प्रत्येक पेशीप्रकारात वेगळं. बहुतेक गाठींत पहिला प्रकार जास्त चालतो, आजूबाजूच्या निरोगी भागांत दुसरा. म्हणून रोज थोडं थोडं दिलं की निरोगी पेशी रात्रीत डागडुजी करून घेतात.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये मात्र हे प्रमाण निरोगी भागाच्या जवळचं निघालं. म्हणजे रोजचा घास थोडा मोठा करून एकूण जेवण कमी केलं तरी चालेल. ब्रिटनमधल्या चाचणीत पाच आठवड्यांत २५ वेळा मिळून ५० ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) आणि तीन आठवड्यांत १५ वेळा मिळून ४० ग्रे अशी तुलना केली. २००८ मध्ये निकाल आला, १५ वाल्या कुठेही मागे नव्हत्या. २०२० मध्ये तर आठवडाभरात पाच वेळाही पुरतं असा निकाल आला. सुरगाण्याहून किंवा पेठहून एसटीने येणाऱ्या बाईला दहा खेपा कमी म्हणजे दहा दिवसांची मजुरी.

मेंदूच्या गाठीत ऑपरेशननंतरही ती परत का येते?

ग्लायोमा या मेंदूच्या गाठीच्या पेशी विभागतातही आणि चालतातही. एमआरआयला जी कडा दिसते ती दाट वस्तीची हद्द असते, विरळ पेशी तिच्या पलीकडे पोचलेल्या असतात आणि ऑपरेशननंतर मागे राहतात. यासाठी वापरतात ते समीकरण १९३७ सालचं आहे आणि जनुकाचा प्रसार मोजण्यासाठी लिहिलेलं होतं.

घरच्या पेशंटचे किती दिवस राहिलेत, हे मॉडेल सांगेल का?

नाही.

मोबाइलवर कुणी आकडा काढून दिला तरी मानू नका. शंभर पेशंटांपैकी किती जण पाच वर्षं जगतील हे सांगता येतं. तुमची आई त्या शंभरांत कुठे बसते, ते नाही. तिची दुपटीची गती, दाद न देणाऱ्या पेशी, तिचं यकृत, तिची भूक, यांतला प्रत्येक आकडा अंदाजे असतो, आणि दुपटीच्या हिशेबात छोटी चूकही दुपटीने वाढते. १०० दिवसांऐवजी ८० दिवस धरले तर ३० दुपटींत ६०० दिवसांचा फरक पडतो.

आपल्या भागातले आकडे कोण ठेवतं?

मुंबईत १९६३ पासून कॅन्सरच्या नोंदी ठेवल्या जातात, आणि देशपातळीवरचा कार्यक्रम आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला चालू केला. पण मला सांगावंसं वाटतं ते बार्शीबद्दल. १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण नोंदणी तिथे सुरू झाली. गावातला माणूस दवाखान्यात येतच नाही, तर नोंद कुठून होणार? म्हणून तिथले कार्यकर्ते गावोगावी जाऊन लोकांशी बोलत, लक्षणं समजावत आणि नोंदी घेत. आर्मिटेज आणि डॉल यांचा सहावा घात मांडायलाही आधी कुणीतरी मेलेल्या माणसाचं खरं वय आणि खरं कारण वहीत लिहावं लागतं.

एआय आल्यावर ही समीकरणं कशाला?

एआय स्कॅनमधली गाठ माझ्यापेक्षा झटकन ओळखेल. पण जे कधी करूनच पाहिलेलं नाही, उदाहरणार्थ तीनऐवजी दोन आठवडे, त्याचा जुना डेटा नसतो. तिथे कारण-परिणाम मांडणारं समीकरणच लागतं. दोन्ही एकत्र वापरणारे लोक आता वाढत आहेत.

मुलगी बारावी सायन्सला आहे, या क्षेत्रात जायचं म्हणते. काय करावं?

मेडिकलला नंबर लागला नाही म्हणून रडत बसण्याऐवजी हे विचारणारी पोरं भेटली की मला बरं वाटतं. बीएस्सीला गणित किंवा संख्याशास्त्र, सोबत पायथन, आणि जीवशास्त्र न सोडणं. पुढे बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था, चेन्नईची गणितीय विज्ञान संस्था अशा ठिकाणी जीवशास्त्राच्या गणितावर काम चालतं. कॅन्सरच्या पेशींवरचं प्रत्यक्ष काम बघायचं तर खारघरचं टाटाचं संशोधन केंद्र फार लांब नाही.

आणि आज रात्रीच सुरुवात करायची असेल तर एक्सेल उघड. पहिल्या ओळीत १०० कोटी. दुसऱ्या ओळीत वरचा आकडा भागिले १००, गुणिले २. ओढून सहा ओळी खाली ने. मग दर डोसला एक टक्क्याऐवजी दहा टक्के पेशी उरतात असं कर आणि किती ओळी लागतात ते मोज. त्यानंतर बाजूच्या रकान्यात औषधाला दाद न देणाऱ्या हजार पेशी ठेव, त्यांना भागाकार करू नकोस, नुसती दुप्पट दे. दोन्ही रकान्यांची बेरीज काढ आणि आलेख काढून बघ, तो आधी उतरतो आणि मग कुठे उलटा फिरतो. बेरजेचा रकाना ओढताना पहिली ओळ सुटते, हे माझ्या विद्यार्थ्यांचं नेहमीचं आहे, तेवढं जप.